डोरीन पेल्कीने न खोडलेली ओळ

राज्याच्या महाधिवक्त्यांच्या कचेरीत वकील ढिगाने होते, पण माणसांना बोलतं करणारी एकच होती, ती डोरीन पेल्की. वकील लढायचे कोर्टात, डोरीन लढायची लोकांच्या स्वयंपाकघरात. वॉशिंग्टनहून राष्ट्राध्यक्षांच्या सहीचा एखादा हुकूम सुटला, की दोन-चार मोठी राज्यं त्याच्याविरुद्ध केंद्रीय कोर्टात जायची. आमचं राज्य पडलं लहान. आमचे महाधिवक्ते त्या मोठ्यांच्या पाठीशी उभे राहायचे आणि म्हणायचे, आमच्याही लोकांचं नुकसान आहे, हे बघा. आता 'हे बघा' म्हटलं की दाखवायला काही हवं. कोर्टाला राज्य दिसत नाही, माणूस दिसतो. तो माणूस हुडकायचा, त्याच्याकडून शपथेवर वदवून घ्यायचं, लिहायचं आणि सही आणायची, हे डोरीनचं काम. महाधिवक्ते बदलले, त्यांचे पक्ष बदलले, डोरीन होती तिथेच.

एकदा उत्तरेकडच्या बटाट्याच्या मुलखात एका म्हातारीने तिला दारातच अडवलं. सरकारी माणसांशी मी बोलत नाही, म्हणाली. डोरीन म्हणाली, नका बोलू, पण आत काहीतरी करपतंय. तशीच आत घुसली, शेगडीवरचं बीन्सचं भांडं उतरवलं, आणि मग म्हातारी अशी काही सुटली की सुरुवात पहिल्या नवऱ्यापासून झाली. ज्या अनुदानासाठी डोरीन तिथवर गेली होती, त्याची पाळी जेवणं उरकल्यावर आली. दुसऱ्या एका मधमाश्यावाल्याने तिला पोळ्यांच्या पेट्यांपाशी बसवूनच जबानी दिली. खोटं बोललो तर या मला चावतील, म्हणाला. चावल्या त्या डोरीनला. कचेरीत सुजलेला हात दाखवत ती सांगायची, मी तर बाई नुसती लिहीत होते.

तिचा एक नेम होता. माणूस बोलेल तसंच्या तसं उतरवायचं, आपल्या पदरचं घालायचं नाही, त्याचं गाळायचं नाही. नवे वकील कुरकुरायचे. पण जबान्या वाचल्या की गप्प व्हायचे, कारण त्यांत माणूस समोर बसल्यासारखा वाटायचा. डोरीनला या नेमाचा अभिमान होता, आणि तो तिने कधी लपवला नाही.

ती मूळची स्पूल बेटावरची. बाप शेवंडी धरायचा. त्या बेटावरच्या लोकांना तक्रार म्हणून करता येत नाही. छप्पर उडालं तर म्हणतील, जरा वारा सुटला होता. डोरीनच्या बापाची दोन बोटं दोर ओढायच्या रहाटात गेली, तेव्हा हात फडक्यात गुंडाळून तो घरी आला आणि बायकोला म्हणाला, हात थोडा लागलाय, जेवण झाल्यावर बघू. बायकोने फडकं सोडलं आणि ती तिथेच खाली बसली. बेटावर प्रत्येक घरात अशी एक गोष्ट आहे, आणि प्रत्येक घराला आपलीच सगळ्यांत मोठी वाटते.

तर त्या वर्षी असा हुकूम निघाला की दुर्गम भागातल्या रोग्यांची ने-आण करायला केंद्राकडून मिळणारी मदत बंद. स्पूल बेटाची दवाखान्याची बोट त्याच मदतीवर चालायची. त्या बोटीने बाकी लोक कधीमधी जायचे, पण मर्ल क्राउली आठवड्यातून तीनदा जायचा. पहाटे निघायचं, थॉर्न हार्बरच्या दवाखान्यात यंत्राला लागून रक्त साफ करून घ्यायचं, आणि संध्याकाळी घरी. बोट बंद म्हणजे मर्लचं बेट बंद. वय अठ्ठ्याहत्तर, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. तो डोरीनच्या बापाचा जोडीदार, लहानपणी तिला बोटीच्या टोकावर बसवून फिरवणारा. सगळं बेट त्याला कॅप्टन म्हणायचं.

डोरीन त्याच्याकडे गेली तेव्हा त्याने तिच्यासाठी माशाचं दाट सूप करून ठेवलं होतं आणि वर खारी बिस्किटं चुरून घ्यायला लावली. राजधानीत तुम्हाला उपाशी ठेवतात का, म्हणून चिडवलं. मग तो बोलला. खिडकीतून आपली नांगरलेली बोट दिसते, म्हणून उठल्यावर पहिल्यांदा तिकडे बघतो, म्हणाला. बायकोला टेकडीवरच्या दफनभूमीत ठेवलंय, तिच्या शेजारची जागा माझी आहे, तोवर इथेच राहायचं ठरलंय, म्हणाला. डोरीनने सगळं उतरवलं. शेवटी तिने विचारलं, बोट बंद झाली तर काय कराल, कॅप्टन?

मर्ल तिच्या कपात कॉफी ओतत म्हणाला, "बघू. जमवीन मी काहीतरी."

डोरीनने तेही लिहिलं. तिच्या मते सगळ्या जबानीत तीच ओळ सर्वांत भारी होती.

पुढच्या खेपेला ती छापील शपथपत्र घेऊन आली, सोबत शिक्का मारणाऱ्या नोटरीबाई. मर्लने चष्मा शोधलाही नाही. ओळखीच्या माणसाने आणलेला कागद त्याच्यासमोर वाचून बघणं बेटावर वाईट दिसतं, त्याच्यावर संशय घेतल्यासारखं. त्याने सही केली आणि नोटरीबाईंना गुळाच्या पाकाच्या कुकीज बांधून दिल्या.

कचेरीत हे प्रकरण ॲबिगेल सोटोकडे होतं. ती दूरच्या वाळवंटी राज्यातून आलेली, तरुण, हुशार आणि डोरीनला फार मानणारी. जबानी वाचून तिने डोरीनला बोलावलं.

"डोरीन, ही शेवटची ओळ काढूया का? त्यांना एक फोन करून विचारता?"

"त्यांनी म्हटलंय ते."

"म्हटलंय म्हणूनच विचारा म्हणते."

"अगं, मर्ल क्राउली असं म्हणतो तेव्हा त्याच्या जिवाचं काय होतंय, ते शेंबडं पोरही सांगेल."

"तुमच्या बेटावरचं पोर सांगेल. न्यायाधीश बेटावरचे नाहीत."

डोरीनला ते लागलं. हिला आपली माणसं काय कळणार, असं तिला वाटलं, आणि चेहऱ्यावर दिसलंही असावं. कागद त्याच दिवशी मोठ्या राज्यांकडे पाठवायचे होते. ॲबिगेलला जबानी घ्यायला डोरीननेच शिकवलेलं, तिने हट्ट सोडला. ओळ राहिली. फोन डोरीनच्या हाताशी होता.

सुनावणी दुसऱ्या राज्यात, मोठ्या शहरात. डोरीन मागच्या बाकावर बसली होती. मोठ्या राज्यांचे वकील बोलले, ॲबिगेल बोलली, सगळं छान चाललं होतं. मग केंद्राचे वकील उठले. सभ्य, हळू बोलणारे गृहस्थ. त्यांनी स्पूल बेटाचं पान काढलं आणि वाचलं: राज्याचा स्वतःचा साक्षीदार शपथेवर सांगतो, 'जमवीन मी काहीतरी'. मग भरून न येणारं नुकसान ते कुठलं?

ॲबिगेल उठली. तिकडच्या माणसांची बोलायची तऱ्हाच अशी असते, कितीही वाईट झालं तरी ती असंच म्हणतात, हे तिने जीव तोडून सांगितलं. न्यायाधीशांनी शांतपणे ऐकून घेतलं. माणूस मनाने वाईट नव्हता. ते म्हणाले, "वकीलबाई, मला लिहिलेलंच वाचता येतं."

निकाल आला तेव्हा कचेरीत केक कापला. हुकुमाला बहुतेक ठिकाणी स्थगिती मिळाली होती. बटाट्याच्या मुलखातली रोग्यांना नेणारी गाडी वाचली, मोठ्या राज्यांतल्या कितीतरी गाड्या वाचल्या. स्पूल बेटाच्या बोटीबद्दल मात्र तातडीचं नुकसान दिसत नाही, असं म्हणून ती वगळली होती. महाधिवक्त्यांनी सगळ्यांचे आभार मानले, डोरीनचं नावही घेतलं. तिने केकची ताटली हातात धरली आणि तशीच ठेवून दिली. ॲबिगेल तिच्याजवळ येऊन उभी राहिली, पण 'मी सांगत होते' असं एकदाही म्हणाली नाही. म्हणाली असती तर डोरीनला बरं वाटलं असतं.

थंडी पडायच्या आत मर्ल थॉर्न हार्बरला आला. दवाखान्यामागच्या इमारतीत त्याला खोली मिळाली. खिडकीतून गाड्या उभ्या करायची जागा दिसायची. बेटावरचं घर पुतणीने उन्हाळी पाहुण्यांना द्यायला काढलं. डोरीन दर रविवारी यायला लागली. क्षमा मागायची म्हणून यायची आणि शेवंडींच्या भावावर बोलून परत जायची.

एका रविवारी तो म्हणाला, धक्क्यावर ने. दोघं गाडीतच बसून राहिले, काचा वर, हीटर चालू. बेटाकडून आठवड्यातून एकदाच, रविवारी येणारी मोठी बोट लागली. उतरणाऱ्यांपैकी दोघांनी त्याला ओळखून हात केला. मर्लनेही हात वर केला, पण दार उघडलं नाही. तेव्हा डोरीनच्या तोंडून निघून गेलं.

"कॅप्टन, ती ओळ मी काढायला हवी होती."

"कुठली?"

तिने सांगितली. कोर्टात काय झालं तेही सगळं सांगितलं. इतके महिने त्याला ते कोणी सांगितलंच नव्हतं. बोट बंद झाली एवढंच त्याला ठाऊक होतं.

"ते मी तुला म्हणालो होतो, पोरी," तो म्हणाला. "कोर्टाला नव्हे. माझं ऐकता ऐकता तुझं तोंड एवढंसं झालं होतं. म्हटलं, ही उगाच रडत घरी जाईल. तेवढं तू तुझ्यापाशी ठेवशील, असं वाटलं."

"मग सही का केलीत?"

"तू आणला होतास ना कागद."

डोरीनने स्टिअरिंग घट्ट धरलं. "मी फोन करून विचारलं असतं तर?"

"तर काढ म्हणालो असतो." त्याच्या आवाजात राग नव्हता. भरती किती वाजता आहे ते सांगावं तसं त्याने सांगितलं.

तिला वाटत होतं, तो रागवेल किंवा समजूत तरी घालेल. त्याने दोन्हींतलं काहीच केलं नाही. बोटीत माणसं चढली, किराण्याची खोकी चढली, दोर सुटला. बोट खाडीच्या तोंडावरचा तरंगता लाल बोया ओलांडून दिसेनाशी होईपर्यंत मर्ल मान वळवून बघत होता. मग म्हणाला, चल, उद्या सकाळी यंत्राला लागायचंय.

चौकात आल्यावर त्याने चुकून डावीकडे हात केला. खोली उजवीकडे होती. या वेळी डोरीनने त्याचं तसंच्या तसं धरलं नाही, गाडी उजवीकडे घेतली.