सरावासाठी नेलेलं पाणी

आमच्या वस्तीची विहीर माझ्या वडिलांच्या पिढीने खणली. गावातल्या आडावर त्यांना पाणी भरू देत नव्हते, म्हणून ओढ्याच्या अलीकडे, मुरमात, त्यांनी स्वतः पहारी मारल्या. पुढे धर्मांतर झालं, आम्ही बौद्ध झालो, काळ बदलला, गावात नळाची टाकी आली आणि तिथे जायला कुणाची आडकाठी उरली नाही. तरी वस्ती विहिरीचंच पाणी प्यायची. दरवर्षी चौदा एप्रिलच्या आदल्या रविवारी सगळे पुरुष मिळून तिच्यातला गाळ काढायचे. बाहेरगावी नोकरीला असलेलेही त्यासाठी यायचे. मी एसटीत कंडक्टर होतो आणि त्या रविवारची रजा जानेवारीतच मागून ठेवायचो.

हे नव्वदच्या दशकाच्या मध्यावरचं. त्या हिवाळ्यात माझ्या धाकट्या मुलीचे पुढचे नवे दात आले आणि त्यांवर तपकिरी रेघा दिसायला लागल्या. वस्तीतल्या आणखी काही मुलांचे दात तसेच होते. आम्ही कुणी ते चहावर ढकललं, कुणी राखुंडीवर.

फेब्रुवारीत पारनेरच्या रस्त्याने एक जीप आली. त्यातून सात तरुण मुलंमुली उतरली आणि त्यांच्याबरोबर एक पोक्त गृहस्थ. पाण्यावर संशोधन करतो, तुमच्याशी बोलायचं आहे, असं त्यांनी सांगितलं. विहारापुढे सतरंजी टाकली, वस्ती जमली.

त्यांचं बोलणं मला आवडलं होतं. उंचावरून बोलत नव्हते. एक जण बोलायचा, बाकीचे ऐकायचे. ते पोक्त गृहस्थ खुर्चीवर बसून फळीला लावलेल्या कागदावर काहीतरी लिहीत होते, बोलत मात्र नव्हते. मध्येच खाकरले की बोलणारा थांबायचा आणि दुसरा सुरू करायचा. प्रत्येकाला साधारण सारखाच वेळ मिळत होता. कंडक्टरला अशा गोष्टी चटकन कळतात. मला वाटलं, काय शिस्त आहे.

त्यांतली एक मुलगी उठून माझ्या बायकोजवळ जाऊन बसली.

"मावशी, पाणी कोण भरतं घरात?"

"कोन भरनार? ह्ये एसटीत घंटी वाजवत्यात, मी रहाट वढते."

"डाळ लवकर शिजते का या पाण्यात?"

"आमची डाळ शिजंस्तवर पावना जेवल्याबिगर त्याच्या गावाला पोचतो."

सगळे हसले. मग ती मुलगी हळू आवाजात विचारत गेली आणि बायको सांगत गेली. शेवटची काही वर्षं माझ्या सासूबाईंना उठता-बसता येत नव्हतं, तेही तिने सांगितलं. त्या याच वस्तीत राहिल्या, याच विहिरीचं पाणी प्यायल्या. हे ती कुणापुढे कधी बोलली नव्हती.

मग एका मुलाने माझ्या मुलीचे दात पाहिले आणि मला म्हणाला, "काका, हे पाण्यातल्या फ्लोराइडमुळे असू शकतं, मोठ्यांचे सांधे आखडणंही. असू शकतं म्हणतोय. तपासल्याशिवाय खात्रीने सांगता येणार नाही."

त्या 'असू शकतं'वर मी विश्वास टाकला. मी स्वतः अंदाजाने बोलत नाही. तिकिटांचा हिशेब असो की घरातलं वाणसामान, मोजल्याशिवाय मी आकडा सांगत नाही. न तपासता छातीठोक बोलणारी माणसं मी आयुष्यभर पाहिली होती. हा मुलगा तसा नव्हता.

त्यांनी चार बाटल्या काढल्या. पाणी आमच्याकडून काढून घेतलं, बाटल्या आमच्याकडूनच भरून घेतल्या. वरच्या चिकटपट्टीवर वस्तीचं नाव आणि तारीख मी माझ्या हाताने लिहिली. निघताना तोच मुलगा म्हणाला, "अहवाल येईपर्यंत जमलं तर लहान मुलांना हे पाणी देऊ नका."

"अहवाल कधी येईल?"

"महिन्याभरात, काका."

जीप गेल्यावर मी घरोघर फिरलो. विहीर बंद करा असं म्हणालो नाही. महिनाभर मुलांसाठी टाकीवरून पाणी आणा, एवढंच म्हणालो. बहुतेकांनी मानलं. माझे चुलते, आम्ही त्यांना तात्या म्हणतो, तेवढे चिडले. विहीर खणणाऱ्यांपैकी ते एकटेच आता हयात होते.

"चाळीस वर्सं पितोय. मेलो का?"

"तात्या, पोरांचे दात बघा."

"पानी का दातानं पितेत?"

टाकी ओढ्यापलीकडे, गावाच्या त्या टोकाला. बायको सकाळी दोन खेपा करायला लागली. पहिल्या दिवशी टाकीवरच्या बायकांनी विचारलं, "का गं, तुमची हिर आटली व्हय?"

"न्हाई. तपासाय दिलीय."

"हिर? कुन्या डाक्टरकडं?"

हे तिने घरी येऊन हसत सांगितलं. मार्च संपेपर्यंत तिचं हसणं संपलं होतं. टाकीवर रांग, उतारावर भरलेला हंडा आणि वर लोकांचे प्रश्न. "अवो, कवा येनार त्यो कागद?" ती रोज विचारायची. जीपवर त्यांच्या संस्थेचा पत्ता होता, तो मी टिपून ठेवला होता; त्यावर दोन पोस्टकार्डं टाकली. उत्तर आलं नाही.

गाळ काढायचा रविवार आला. लोक म्हणाले, पोरांना पाजायचंच नाही तर गाळ कशाला काढायचा? मीही म्हणालो, अहवाल येऊ द्या, मग एकदाच काय ते ठरवू. तात्या दोर खांद्यावर टाकून सकाळीच गेले होते. काठावर बसून राहिले. दोघे-तिघे आले, उभे राहिले, परत गेले. दुपारी उन्हाचे तात्या दोर घेऊन घरी आले आणि माझ्या दारावरून जाताना माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. विहीर खणल्यापासून जयंतीला गाळ तसाच राहिला तो पहिल्यांदा.

मे महिन्यात नगरच्या खेपेला सुप्याच्या थांब्यावर तीच मुलगी गाडीत चढली, बायकोजवळ बसलेली. तिनेच मला ओळखलं.

"काका, आम्ही तुमच्या वस्तीवर आलो होतो. मावशी बऱ्या आहेत?"

मला बरं वाटलं. तिकीट देऊन मी तिच्या शेजारी बसलो.

"बरी आहे. अहवालाचं काय झालं?"

"कसला अहवाल?"

"पाण्याचा. चार बाटल्या नेल्या होत्या तुम्ही."

 ती म्हणाली, "काका, ते आमचं प्रशिक्षण होतं. संशोधकांनी आपलं काम लोकांपर्यंत कसं न्यायचं, लोकांशी कसं बोलायचं, त्याचं. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"काय माहीत नव्हतं?"

"की तो सराव आहे. गावाला पत्र दिलं होतं. सर म्हणाले होते, लोकांना कल्पना आहे, तुम्ही मात्र खरं समजूनच बोला."

"मग बाटल्या?"

"लोकांना कामात सामील करून घ्यायचं, त्यांच्या हातून काही करवून घ्यायचं. त्याला वेगळे गुण होते. परत गेल्यावर आम्ही त्या धुऊन ठेवल्या."

"पोरांना पाणी देऊ नका म्हणालात, ते?"

"लोकांना लगेच करता येईल असं एक काम सांगायचं असतं," ती म्हणाली. आवाज खाली गेला होता. "आमच्या गटाला सगळ्यांत जास्त गुण मिळाले, काका."

"ओ मास्तर," मागून एक म्हातारा ओरडला, "फाटा गेला की माझा. का नगरालाच न्हेताय मला?"

मी घंटी मारली. गाडी थांबली, म्हातारा पुटपुटत उतरला. त्या मुलीने मला सांगितलं, तुम्ही एक बाटली आणून द्या, मी स्वतः तपासून घेते. ती मनापासून म्हणत असेल. पण मनापासून कसं बोलायचं हे ती शिकलेली होती, आणि त्यातला फरक मला आता ओळखता येत नव्हता. मी मान हलवली आणि पुढच्या तिकिटांना उठलो.

फसवणुकीचे साधे प्रकार मला ठाऊक होते. विनातिकीट प्रवासी रोज भेटतात, त्यांचा राग येतो आणि उतरतो. इथे खोटं असं कुणी बोललंच नव्हतं, महिनाभरात अहवाल येईल हे एक सोडून. फ्लोराइडने दात असे होतात हे खरं होतं. 'असू शकतं' हेही खरं होतं. आणि तेही त्यांना शिकवलेलं होतं, की खात्री नसेल तर तसं सांगा, लोक विश्वास ठेवतात. मी ठेवला.

सरपंचांना विचारलं. ते म्हणाले, "हां, आलं होतं पत्र. शिकाऊ पोरं होती ती. वस्तीवर कळवायचं राहून गेलं बघ."

"मग गावात का नाही बसवलं त्यांना?"

"म्हटलं, तुमच्याकडं लोक जास्त बोलत्यात."

मी ग्रामसेवकाकडे पाणी तपासणीचा रीतसर अर्ज दिला. नमुना गेला. निकाल कधी येईल ते त्यांना सांगता येईना, आणि मीही विचारून ठेवली नाही तारीख.

बायकोला सांगितलं तेव्हा ती भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत. "त्या पोरीला मी माझ्या आयचं समदं सांगितलं हुतं," ती म्हणाली. "त्ये बी सरावातच गेलं म्हना."

संध्याकाळी विहारापुढे वस्तीला सांगितलं. कुणी मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. तात्यांनी एकच विचारलं, "मग पानी कसं हाय?"

"माहीत नाही, तात्या."

"म्हंजी फेब्रुवारीत हुतो तितंच."

पण तिथे नव्हतो. तेव्हा आम्ही न विचारता पीत होतो.

पुढच्या रविवारी गाळ काढायला सगळे आले. मीही कमरेला दोर बांधून उतरलो आणि दुपारपर्यंत पाट्या भरल्या. दोन दिवसांनी पाणी निवळलं. गाळ काढल्यावरचं पहिलं पाणी वस्तीतल्या सगळ्यात थोरल्याने प्यायचं आणि त्याच तांब्यातून एखाद्या मुलाला द्यायचं, अशी आमची रीत आहे. तात्यांनी तांब्या तोंडाला लावला. निम्मा प्यायले, मिशा पुसल्या. समोर माझी मुलगी उभी होती. तिच्यापुढे त्यांनी तांब्या धरला आणि तिने तो घ्यायला दोन्ही हात वर केले.

"तात्या, तिला नको," बायको म्हणाली. "अजून काय कळलं न्हाई."

काठावर सगळी वस्ती होती. तात्यांनी माझ्या बायकोकडे पाहिलं नाही. तांब्या तसाच धरून ते माझ्याकडे पाहत राहिले. मी मुलीचे हात धरून खाली घेतले.