कार्डाचा पहिला मान

माझ्या चुलत बहिणीला ऐकू येणे बंद झाले, तेव्हा घरातल्या कुणाच्याही आवाजात फरक पडला नाही. तिच्याविषयी जे पूर्वी तिच्या पाठीमागे बोलले जाई, ते आता तिच्यासमोर बोलले जाऊ लागले, एवढेच. ती ओठ वाचते हे सगळ्यांना ठाऊक होते. काकू निदान पदर तोंडाशी धरीत. काका तेवढाही त्रास घेत नसत.

जळकोटला महामार्गाला लागून काकांचे दुकान आहे. पाण्याच्या मोटारी, पट्टे, बेअरिंग, नटबोल्ट, नांगराचे फाळ. बारावीनंतर बहीण त्या दुकानाच्या गल्ल्यावर बसू लागली. जन्मतः बहिरी असलेल्या मुलीने गिऱ्हाइकाशी बोलावे, याचे गावाला आधी नवल वाटले आणि मग सवय झाली. लहानपणी सरकारी योजनेतून तिच्या कानाची शस्त्रक्रिया झाली होती. कानाच्या आत बसवलेला भाग जन्मभर टिकतो. पण आवाज पकडून आत पोचवणारे यंत्र कानाच्या मागे, बाहेर अडकवलेले असते, आणि ते टिकत नाही. तिचे यंत्र गेल्या उन्हाळ्यात कायमचे बंद पडले. कंपनीने ते मॉडेल बनवणे सोडून दिले होते. नव्या मॉडेलची किंमत ऐकून काका म्हणाले, "तेवढ्यात जुना ट्रॅक्टर येतोय. ऐकू त्यालाबी येत न्हाय, पर काम तर करतोय."

गल्ल्यावरची खुर्ची काकूंच्या भावाला मिळाली. बहिणीला मागच्या खोलीत, माल निवडून डब्यांत भरायला बसवले. स्वतःचा आवाज ऐकू येईनासा झाल्यापासून ती फार मोठ्याने बोले. काका तिला लाउडस्पीकर म्हणत. मग ती बोलेनाशी झाली आणि घर शांत झाले. ती शांतता सर्वांना मानवली, असे माझे निरीक्षण आहे.

मी युरोपातल्या एका प्रयोगशाळेत पदार्थविज्ञानात संशोधन करते. सुट्टीवर येण्याआधी बराच शोध घेतल्यावर मला कॅनडातला एक विक्रेता सापडला. वापरलेली यंत्रे दुरुस्त करून विकणे हा त्याचा व्यवसाय. त्या मॉडेलचा एकच नग त्याच्याकडे शिल्लक होता. सोलापूरच्या कानांच्या तज्ज्ञांना मी विचारून घेतले. बहिणीच्या कानाला जुळवलेली जुन्या यंत्राची मांडणी त्यांच्या संगणकात होती. नवा नग आला की ती त्यात भरून देऊ, असे ते म्हणाले. विक्रेत्याने नग माझ्यासाठी एक दिवस राखून ठेवला. पैसे मी देणार होते, त्यामुळे काकांना हरकत नव्हती. त्यांनी बहिणीसमोर बसून, ओठ नीट हलवून सांगितलेही, "यंत्र आलं की खुर्ची तुझी."

बँक एका देशातली, विक्रेता दुसऱ्या देशातला आणि खरेदी करणारी तिसऱ्या देशात बसलेली, असा हा व्यवहार होता. तो कुठे कुठे अडकू शकतो याचा मी आधीच विचार केला होता. भारतात जात असल्याचे बँकेला कळवले होते. संमतीचा संदेश तिकडच्या क्रमांकावर येतो, म्हणून ते सिमकार्ड रोमिंगवर चालू ठेवले होते. विक्रेत्याच्या पानावर रुपयांत पैसे भरण्याची सोय होती. ती मी नाकारणार होते, कारण तिथला विनिमयाचा दर नेहमी विक्रेत्याच्या सोयीचा असतो. कार्डाचा पत्ता युरोपातला आणि माल पाठवण्याचा पत्ता जळकोटचा, हेही त्याला लिहून कळवले होते. माझ्या गणितात न धरलेली एकच गोष्ट राहिली, आणि ती माझ्या शेजारी भाजी निवडत बसली होती.

दुपारी मधल्या खोलीत दिवाणावर लॅपटॉप उघडला. बहीण समोर बसली होती. तिने केस वर घट्ट बांधले होते, आणि कानामागची मोकळी जागा एखाद्या रिकाम्या खुंटीसारखी दिसत होती. काकूंनी भाजी बाजूला सारली आणि कार्ड हातात घेऊन उलटेपालटे पाहिले.

"नवंच दिसतंय गं हे."

"हो, निघण्याआधीच बदलून आलं."

"मंजे यानं आजून काई घेतलंच न्हाय?"

"नाही."

"मग पहिला मान आईचा," काकूंनी सांगून टाकले.

आई म्हणजे तुळजापूरची देवी. आमच्या घरात कुठलीही नवी गोष्ट आधी तिच्या कामाला लागते. नवा ट्रॅक्टर शेतात जाण्याआधी तुळजापूरला जातो. नव्या मोबाइलवरून पहिला फोन आमच्या वंशपरंपरागत पुजाऱ्यांना होतो. बहिणीचे यंत्रसुद्धा या नियमातून सुटले नव्हते. डॉक्टरांनी लहान मुलीला हळू आवाजापासून सवय करायला बजावले होते. घरच्यांनी यंत्र काढून डबीत ठेवले आणि तिला थेट देवळात नेले. तिथे संबळ वाजत असताना ते कानावर बसवले. तिच्या आयुष्यातला पहिला खराखुरा आवाज तो. ती इतकी किंचाळली की तिला उचलून बाहेर आणावे लागले. काकू ही हकिकत अजून हसत सांगतात.

"काकू, हे कार्ड तिकडच्या बँकेचं आहे," मी म्हणाले. "त्याला इथल्या देवाचं काय?"

"तिकडं शिकाया गेलीस ते कुणाच्या आशीर्वादानं?"

काका पेपरातून मान वर न काढता म्हणाले, "दे गं अकरा रुपये. तुझ्या बँकंचं काय नाक कापलं जात न्हाय."

वाद घालण्यापेक्षा पैसे भरणे कमी वेळाचे होते. पुजाऱ्यांनी आपल्या यजमानांसाठी ऑनलाइन सोय केली होती. काकूंच्या फोनवर त्याची लिंक आली आणि मी अकरा रुपये भरले. संमतीचा संदेश रोमिंगवरून फिरत येईपर्यंत मुदत संपली आणि व्यवहार फसला. पुन्हा भरले, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गेले. पुजाऱ्यांचा फोन आला. "पावलं बरं का बाई. आता बिनघोर करा काय करायचं ते."

मी लगेच विक्रेत्याचे पान उघडले, त्याच्याच चलनात रक्कम ठेवली आणि बटण दाबले. पडद्यावरचे चक्र बराच वेळ फिरले. मग व्यवहार नाकारल्याची ओळ आली. पुन्हा प्रयत्न केला, तर बँकेचा संदेश आला: सुरक्षिततेच्या कारणास्तव आपले कार्ड बंद करण्यात आले आहे.

बहीण माझ्या ओठांकडे पाहत होती. मी पडदा तिच्याकडे वळवला.

घरात रेंज पुरत नाही, म्हणून मी गच्चीवर जाऊन बँकेला फोन लावला. पलीकडची बाई अतिशय सभ्य होती. तिने आधी माझी ओळख पटवून घेतली आणि मग आजच्या व्यवहारांची विचारपूस सुरू केली.

"भारतातल्या एका खासगी व्यक्तीच्या नावे अत्यल्प रकमेचे लागोपाठ तीन प्रयत्न दिसतात. ते तुमचेच आहेत का?"

"हो."

"ती वस्तूची खरेदी होती की सेवेची?"

मी क्षणभर विचार केला. "सेवेची."

"आणि त्यानंतर लगेच कॅनडात मोठ्या रकमेचा प्रयत्न?"

"तोही माझाच. वैद्यकीय उपकरण आहे. आजच घ्यायला हवं."

तिने समजावून सांगितले. चोरलेले कार्ड हाती आले की चोर आधी नगण्य रक्कम कुठेतरी भरून पाहतो. कार्ड जिवंत आहे अशी खात्री झाली की तो लगेच मोठी खरेदी करतो. यंत्रणा नेमकी हीच खूण शोधत असते. बंद झालेले कार्ड पुन्हा उघडता येत नाही. नवे कार्ड टपालाने नोंदवलेल्या पत्त्यावर येईल. त्या पत्त्यावर माझी कुलूप लावलेली खोली होती.

मी गच्चीच्या कठड्याला टेकून उभी राहिले. खाली महामार्गावरून उसाच्या ट्रॉल्या जात होत्या. काकूंचा विधी आणि चोराचा विधी, दोन्हींची रचना एकच होती: आधी थोडेसे पुढे करायचे, वाट मोकळी आहे का ते पाहायचे, आणि मग मोठे मागायचे. यंत्रणेची चूक काढता येत नव्हती. तिने उपलब्ध पुराव्यावरून योग्य निष्कर्ष काढला होता.

प्रयोगशाळेतल्या मैत्रिणीला मी संदेश पाठवला आणि तिने ताबडतोब स्वतःच्या कार्डावरून मागणी नोंदवली. पण तोवर विक्रेत्यालाही इशारा मिळाला होता. त्याचे पत्र आले. पत्र माझ्या नावाने होते आणि त्यात रागाचा शब्द नव्हता. एकाच दिवशी दोन वेगवेगळ्या कार्डांवरून एकाच, त्याला अनोळखी असलेल्या भारतीय पत्त्यासाठी मागणी आली आहे, त्यांपैकी एक कार्ड बँकेने बंद केले आहे, आणि पूर्वी अशाच प्रसंगात त्याचे नुकसान झालेले असल्याने तो या पत्त्यावर काहीही पाठवू इच्छित नाही. मी त्याला बहिणीचे वैद्यकीय कागद पाठवले. दुसऱ्या दिवशी त्याचे शेवटचे पत्र आले. तिची गोष्ट खरी असेल तर त्याला वाईट वाटते, पण नग विकला गेला आहे.

हे मी सर्वांसमोर वाचून दाखवले. बहिणीसाठी सावकाश, तोंड तिच्याकडे करून.

काका म्हणाले, "आईच्याच मनात न्हवतं."

"आईला अकरा रुपये पोचले काका, म्हणून तर हे झालं," मी म्हणाले.

"मंजे देवीनं तुझं कार्ड बंद पाडलं व्हय? शिकलेली माणसं तुमी, बोलताना इचार करा जरा."

काकू भाजीचे देठ गोळा करत होत्या. आज पदर तोंडाशी नव्हता. "जाऊ द्या. ऐकून तरी काय करायचंय तिला? या घरात कोण गोड बोलतंय."

हे त्या दिवसातले एकमेव अचूक विधान होते. बहिणीने ते काकूंच्या ओठांवरून पूर्ण वाचले. मग हात मागे नेऊन तिने केस सोडले आणि कानांवर नीट पसरवले.

"ताई, दुसरं मिळंल?" तिने विचारले. खोली दणाणली, आणि काकांनी चेहरा वाकडा केला.

मिळण्याची शक्यता किती कमी आहे ते मला माहीत होते. मी "शोधते" म्हणाले. मी अजून शोधते आहे. त्या मॉडेलचा नग पुन्हा कुठे दिसलेला नाही.

निघण्याच्या दिवशी सोलापूरला जाणाऱ्या एसटीआधी थोडा वेळ होता, म्हणून मी दुकानात गेले. गल्ल्यावर काकूंचा भाऊ बसला होता. खुर्चीवर नवी गादी आली होती. काका शेजारी चहा पीत होते. आतल्या दारातून बहिणीची पाठ दिसत होती. ती जमिनीवर बसून बोल्ट आकारानुसार वेगळे करत होती.

एका गिऱ्हाइकाने पंपाचा पट्टा मागितला. काकूंच्या भावाने समोरच्या वाटीतून रबराचा एक वायसर, नटाखालची गोल चकती, उचलला आणि आत भिरकावला. तो बहिणीच्या मानेवर लागला. तिने वळून पाहिले. त्याने दोन बोटांनी हवेत पट्ट्याचा आकार काढून दाखवला. ती उठली, पट्टा आणून गल्ल्यावर ठेवला, माझ्याकडे पाहून थोडी हसली आणि परत गेली. नेम चांगला होता. त्याचा सराव झालेला होता.

काकांनी माझा चेहरा पाहिला असावा.

"लागत न्हाय गं," ते म्हणाले. "रबराचं हाय."

आत बहीण जमिनीवर हात फिरवत होती. वायसर तिला रॅकखाली सापडला. तिने तो जुन्या ओढणीच्या टोकाने पुसला आणि बाजूच्या डब्यात टाकला. डबा जवळजवळ भरला होता. संध्याकाळी तो डबा ती गल्ल्यावरच्या वाटीत रिकामा करते. माल आहे, वाया घालवून चालत नाही.