मी पाणी मागितले नव्हते

रिहे गावातल्या फार्महाउसवर, पाहुण्यांच्या देखत, मालकीणबाईंनी बागेचा पाइप माझ्या उघड्या पाठीवर सोडायला लावला. थंडीतली सकाळ. पोहण्याचा तलाव साफ करून मी नुकताच बाहेर आलो होतो. हातापायांवर गांधी उठल्या होत्या. लालसर, फुगलेल्या, खाजणाऱ्या.

"ईऽ, हे काय आहे? काका, टेबलाजवळ येऊ नका. आधी ह्यांना धुऊन काढा रे!"

धुऊन काढा. गाडी धुतात, जनावर धुतात. मी सदरा हातात धरून उभा राहिलो. पाणी पडले तसे पाठभर पित्त उठले. रोग पसरतो आहे असे समजून त्यांनी पाणी वाढवले. कोणीतरी हसत हसत मोबाइलवर टिपत होते. माझे ओठ सुजले, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि मी हिरवळीवर कोसळलो.

गावात सांगतात, म्हाताऱ्याला भोवळ आली, मालकांनी पाणी मारून वाचवले. खोटे आहे. आधी पाणी, मग भोवळ. हा क्रम मी कोणालाही बदलू देणार नाही.

दुसरे सांगतात, देवीचा कोप. तेही खोटे. घरी आल्यावर पत्नीने रीतीप्रमाणे आमसुले भिजवून ते पाणी अंगाला चोळले. पित्तावर आमच्याकडे हाच उपाय. पण माठातल्या गार पाण्याने अंग अधिकच फुलले. ती घाबरली. "अवं, ह्ये पित्त न्हाई. काय तरी येगळंच हाय," म्हणाली, आणि तिने हात मागे घेतला. इतक्या वर्षांच्या संसारात तो हात कधी मागे गेला नव्हता.

घोटावड्याच्या डॉक्टरीणबाईंनी पिशवीत बर्फ घालून माझ्या मनगटावर ठेवला. काढल्यावर थोड्या वेळाने तेवढीच जागा फुगली.

"गारव्याचं पित्त आहे, आजोबा. दुसऱ्याला लागत नाही. कोमट पाण्यानं आंघोळ करा, गोळी चुकवू नका, गार पाण्यात उतरू नका. ओठ सुजले, दम लागला, तर थेट दवाखाना गाठा. त्या दिवशी जीव गेला असता."

गोळीने खाज शमते. बाकीचे शमत नाही. कुठे पाइपाचा सर्रर आवाज आला की कोरड्या सदऱ्याखाली पाठ आकसते. हात फिरवून पाहतो. काही नसते. तरी मागे कोणीतरी उभे असते, हसत असते.

गेल्या आठवड्यात मालक दारात आले. ते चित्रीकरण त्यांच्या हिंजवडीच्या ऑफिसपर्यंत पोहोचले होते.

"काका, मिसअंडरस्टँडिंग झालं. एवढंच बोला, की 'मीच पाणी मारायला सांगितलं होतं.' मी व्हिडिओ घेतो. नोकरी तुमचीच आहे."

माझा पुतण्या कानाशी लागला. "आबा, बोलून टाका की. तुमचं काय जातंय?"

माझी साक्ष जाते. दुसरे काय उरले आहे माझ्याकडे?

"घ्या व्हिडिओ," मी म्हणालो. त्यांनी मोबाइल वर धरला.

"मी पाणी मागितलं न्हवतं, सायेब. तुमच्या बाईंनी मला घाण समजून धुतलं. माझा जीव जात हुता, आन् तुमी समदी हसत हुता."

वाक्य पुरे होण्याआधीच मोबाइल खाली आला. पुतण्याने मान वळवली. आता म्हणतात, म्हाताऱ्याचे डोके फिरले.

फिरलेले नाही. त्या तलावाला मी पुन्हा हात लावणार नाही. येत्या ग्रामसभेत उभा राहून, मालकांचे नाव घेऊन, हेच बोलणार आहे. मालकांना तसा निरोप धाडला आहे. यायचे असेल तर यावे आणि माझ्या तोंडावर खोटे बोलून दाखवावे.