एक नंबरची बॅग

ती सकाळ अजून जशीच्या तशी डोळ्यांपुढे उभी राहते. मी तेव्हा पुण्यातल्या एका पोलीस ठाण्याचा वरिष्ठ निरीक्षक होतो. हजेरी घेऊन जेमतेम खुर्चीत बसलो होतो, तोच शहरातल्या एका मोठ्या फुटबॉल क्लबचा मॅनेजर आत आला. परदेशातून नुकत्याच आणलेल्या स्ट्रायकरचं महागडं घड्याळ ड्रेसिंग रूममधून चोरीला गेलं, अशी त्याची फिर्याद होती.

ठाणे अंमलदार फिर्याद लिहून घेत होते. मी विचारलं, "कुणावर संशय?"

"कॅप्टनवर. आमचा जुना गोलकीपर. आम्ही त्याला सोडतोय, म्हणून डूख धरून बसलाय. आजच उचला त्याला."

वर्षानुवर्षं फिर्यादी पाहिलेल्या माणसाला एक गोष्ट कळते. ज्याची वस्तू गेली, तो आधी वस्तूबद्दल बोलतो. हा घड्याळाबद्दल दोन वाक्यं बोलला आणि कॅप्टनबद्दल दहा. शिवाय ज्याचं घड्याळ गेलं, तो बरोबर नव्हताच.

गुन्हा दाखल करून आम्ही निघणार, एवढ्यात ठाण्याच्या फोनवर निनावी खबर आली. "घड्याळ कॅप्टनच्या बॅगेत आहे. एक नंबरची बॅग." फोन बंद. खरा खबऱ्या अडखळतो, इकडचं तिकडचं बोलतो, आपलं नाव येऊ देऊ नका म्हणून गयावया करतो. ही खबर पाठ केल्यासारखी होती.

मैदानाच्या फाटकावर कॅमेरे घेऊन पत्रकार आधीच उभे होते. त्यांना कुणी बोलावलं, हे मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती.

तिथे पोचल्यावर क्लबची परिस्थिती समजली. नवा प्रशिक्षक आला होता आणि त्यानं जवळजवळ सगळा संघच बदलायला काढला होता. जुन्या खेळाडूंना एकेक करून ऑफिसात बोलवायचं, राजीखुशीनं करार सोडतो असं लिहून घ्यायचं आणि पाठवून द्यायचं. सगळ्यांनी मान खाली घालून सह्या केल्या. कॅप्टननं केली नाही. त्याच्या कराराचा काळ शिल्लक होता. गैरवर्तनाचं कारण सापडलं, तरच क्लबला त्याला काढता येणार होतं.

कॅप्टन वाघोलीचा. वडील महापालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले. ज्युनियर मुलांच्या मैदानावर तो एकटाच सराव करत होता. मी ओळख सांगितली.

"साहेब, मला बेड्या घालायच्या तर घाला," तो शांतपणे म्हणाला. "पण मागच्या दारानं नेऊ नका. या क्लबात मी पुढच्या दारानं आलोय."

"बेड्यांचं नंतर बघू. तुमची बॅग कुठाय?"

"माझी? मला कालपर्यंतच मोठ्या ड्रेसिंग रूममध्ये जागा होती. आज सकाळी सामान इकडे ज्युनियरच्या खोलीत टाकलं. नंबरही काढून घेतला."

पंचनाम्यासाठी दोन साक्षीदार पंच म्हणून घेतले, मॅनेजरला बरोबर घेतलं आणि मोठ्या ड्रेसिंग रूममध्ये गेलो. एक नंबर छापलेली काळी बॅग बाकावर होती. पंचांसमोर उघडली. मोज्यांच्या खाली घड्याळ निघालं.

कोपऱ्यातला एक कोवळा खेळाडू पांढराफटक पडला. हा मणिपूरहून आणलेला नवा गोलकीपर. "सर, ये मेरा बैग है. सुबह ही नंबर मिला. मैंने कुछ नहीं किया, सर."

आणि मॅनेजरच्या तोंडून निघून गेलं, "अरे, ही नाही! ही चुकीची बॅग आहे!"

मी पंचनामा लिहिणाऱ्या हवालदाराला म्हटलं, "हे वाक्य जसंच्या तसं घ्या." मग मॅनेजरकडे वळलो. "चुकीची? म्हणजे बरोबर बॅग कोणती होती?"

त्यानं रुमाल काढला आणि कपाळ पुसलं. सकाळी प्रशिक्षकानं नंबर बदलले, तेव्हा हा माझ्यासमोर बसून फिर्याद देत होता. त्याला पत्ताच नव्हता.

ठाण्यात आणल्यावरही तो दीड तास ताठ होता. वरच्या लोकांची नावं घेत होता. मी त्याला बाहेर बसवलं आणि क्लबच्या सामानाची, बॅगांची व्यवस्था बघणाऱ्या माणसाला आत घेतलं. तोही त्याच आठवड्यात कामावर लागलेला. आधीच्याला संघाबरोबरच काढलं होतं.

मी आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "तुम्ही कॅप्टनला ओळखता का? चेहऱ्यानं?"

"न्हाय, साहेब. समदीच नवी हायेत. मॅनेजरसाहेब बोलले, एक नंबर म्हंजी कॅप्टन. त्याच्या बॅगेत टाक, न्हायतर तू बी घरी." मग तो रडायलाच लागला.

क्लबनं एवढी माणसं बदलली होती, की तिथे कुणी कुणाला ओळखतच नव्हतं. त्यांचा डाव त्यातच फसला.

त्याचा जबाब वाचून दाखवल्यावर मॅनेजरचा ताठा गेला. निनावी फोनही आपणच करवला, हे त्यानं कबूल केलं.

खरी लढाई नंतर सुरू झाली. एका वरिष्ठांचा फोन आला. "क समरी पाठवून द्या. गैरसमज झाला म्हणा. क्लबची बदनामी कशाला?" समरी म्हणजे तपास बंद करताना कोर्टाला पाठवायचा अहवाल. गैरसमजातून दाखल झालेल्या गुन्ह्याला क समरी लागते. जाणूनबुजून खोट्या केलेल्या गुन्ह्याला ब समरी.

"सर, घड्याळ गैरसमजानं बॅगेत चालत गेलं नाही," मी म्हणालो. "ब जाईल."

"विचार करा."

"केलाय, सर."

ब समरी गेली. मॅनेजरवर खोटा पुरावा तयार केल्याची कारवाई सुरू झाली आणि क्लबनं त्याला झटकून टाकलं. माझी नियंत्रण कक्षात बदली झाली.

कॅप्टनला क्लबनं निरोप समारंभ देऊ केला. तेवढा करार सोडा म्हणाले. त्यानं समारंभ नाकारला. करार संपेपर्यंत रोज सरावाला गेला. त्याला एकही सामना खेळवला नाही, तरी गेला. आणि त्या मणिपूरच्या पोराला, जो त्याच्या जागी आला होता, त्यानं स्वतः उभं राहून तयार केलं. मी एकदा विचारलं, राग येत नाही का? म्हणाला, "त्यानं माझी जागा घेतली, साहेब. माझं नाव हिरावून घ्यायला आले होते ते दुसरेच."

क्लबनं खेळाडू बदलावेत. वय होतं, खेळ उतरतो, नवा चांगला मिळतो. तसं तोंडावर सांगावं, करारात लिहिलंय ते द्यावं आणि मोकळं व्हावं. पण माणूस नको झाला म्हणून त्याला चोर ठरवायचा अधिकार कुणाच्या बापाला नाही. आणि त्या कामासाठी पोलीस ठाणं भाड्यानं मिळतं असं कुणाला वाटत असेल, तर त्याला तिथल्या तिथे दार दाखवायचं, हे मी त्या प्रकरणात शिकलो. आजही ओळखीचे लोक विचारतात, तुम्हाला काय मिळालं त्यातून? मी सांगतो, बदली मिळाली. आणि झोप कधी उडाली नाही.