पहिली हाक गुरुदासकाकांना

बाप्तिस्ताच्या जेनिसचा कान गावातल्या प्रत्येक मोबाईलला चिकटलेला असतो, अशी तोंडवलीत बोलवा आहे. तिच्या घरावरून जाताना माणसं फोन पिशवीत कोंबतात.

खरं अगदी उलटं. जेनिस घरी बसून एका कंपनीसाठी आलेख काढणारं सॉफ्टवेअर लिहिते, त्यातलाही एकच भाग: आलेखावर काही घडलं की कोणाकोणाला हाक जावी. कोणी रेषेला बोट लावलं, कोणी ती मोठी करून बघितली, रेषा हद्दीपलीकडे गेली. "आलेखाक कोण खंय आसा ता ठाऊक नको," ती नाकातून, भरभर सांगते. "ज्येका हाक होयी तेना आपला नाव लावचा. नको झाला, काढचा. आलेखान फक्त हाक मारूची." म्हणजे ती ऐकत नाही, ओरडते.

मच्छीमार सोसायटीत तिने तेच बसवलं. छपरावरचं यंत्र वारा मोजतं, पडद्यावर रेषा सरकते आणि तांबड्या हद्दीवर गेली की होड्यांवरचे भोंगे वाजतात. पण सभेत सोसायटीचे मुख्य, गुरुदासकाका, उठले.

"अहंऽ, पयली हाक माका. मी होय म्हटलंय की मगे होडयांका."

आमच्या रापणीची, किनाऱ्यावरून सगळ्यांनी मिळून ओढायच्या जाळ्याची, रीतच ती. किनाऱ्यावरून मासळी दिसली की हाक आधी मुख्याला; त्याने होकार दिल्याशिवाय कोणी दोराला हात लावत नाही.

"आणि तुमी फोन उचलूक नाय तर, काका?" जेनिसने विचारलं.

"अहंऽ, माझो फोन माझ्या छातीवर आसता, चेडवा."

सभेने माना डोलावल्या. जेनिसला तसंच बसवावं लागलं. बाहेर येताच मी तिला डिवचलं, तशी पैज लागली. पहिल्या खऱ्या हाकेला काकांनी फोन उचलला, तर तिने मला डुकराच्या मटणाचं सोरपोतेल पोटभर खाऊ घालायचं. नाही उचलला, तर मी काकांसमोर काकांची नक्कल करायची.

ऑक्टोबरच्या एका दुपारी पश्चिमेकडे काळं भरून आलं. जेनिसच्या वडिलांची, बाप्तिस्ताची होडी समुद्रातल्या खडपांच्या पलीकडे होती, तिच्या आसपास आणखी काही. सोसायटीत जेनिस आणि मी पडद्यासमोर. रेषा चढली, तांबडी हद्द ओलांडली. गुरुदासकाकांच्या नावाशी पिवळं चक्र फिरू लागलं. खालची होड्यांची नावं राखाडीच.

चक्र फिरतच राहिलं.

तिने वडिलांना फोन लावला. "उचल मरे, पप्पा." इंजिनाच्या आवाजात फोन कसला ऐकू जातोय? तिथे भोंगाच हवा, आणि भोंगा काकांच्या होकारासाठी अडलेला.

"काकांका शोधून हाडू?" मी विचारलं.

"गप रव!"

आलेख बंद करायची गरज नव्हती. चालू आलेखावरच नावं लावता-काढता यावीत, असंच तिने ते लिहिलेलं. तिने भरभर लिहायला घेतलं. एकदा चुकली, ओठ चावला, पुन्हा लिहिलं. काकांचं नाव काढलं. रांग सुटली. होड्यांची नावं एकेक हिरवी झाली आणि समुद्रावरून बारीक, बेसूर भोंगे ऐकू आले.

बाप्तिस्ताच्या होडीने तोंड वळवलं. तेवढ्यात वारा आला. सुरूची झाडं आडवी झाली, होडी पांढऱ्या पाण्यात दिसेनाशी झाली. जेनिसने खिडकीचे गज धरले. मग होडीचं नाकाड दिसलं, पुन्हा गेलं, पुन्हा दिसलं, खूप जवळ.

बाप्तिस्त निथळत सोसायटीच्या पायरीवर बसला. जेनिसने पडद्यावर आणखी काहीतरी लिहिलं. तोवर काका आले, उघडेबंब, सदरा हातात. खाली दोर ओढायला गेले होते, सदरा सुरूच्या फांदीला टांगून.

"अहंऽ, भोंगे कोणी वाजयल्यान? माझी हाक खंय?"

जेनिसने पडदा त्यांच्याकडे वळवला. काकांचं नाव परत सगळ्यात वर होतं. "पयली हाक तुमकाच मारलंय, काका. यापुढेय पयली तुमकाच. फक्त होडये तुमच्यासाठी थांबूचे नाय."

काकांनी सदऱ्याच्या खिशातून फोन काढला, बघितला. मग पायरीवर शर्ट पिळणाऱ्या बाप्तिस्ताकडे बघितलं.

"अहंऽ," म्हणाले. फोन परत सदऱ्याच्या खिशात ठेवला.

जेनिसने माझ्याकडे भुवई उडवली. मी काकांसमोर उभा राहिलो, छाती काढली, घसा खाकरला.

"अहंऽ, माझो फोन माझ्या छातीवर आसता, चेडवा."