गेममध्ये अण्णा मरतात तेव्हा

टॅब्लेटवर अण्णा गुडघ्यांवर आले, एक हात टेकवला आणि आडवे झाले. मागून बघणाऱ्या मायचा चेहरा पांढराफटक पडला.

"हे काय करून राह्यली तू?"

मी शहागडला घरी बसून पुण्याच्या एका स्टुडिओसाठी गेमची कॅरेक्टर्स काढते. या गेमचा हीरो म्हातारा ट्रक ड्रायव्हर होता. मी सरळ अण्णांना, माझ्या वडिलांनाच घेतलं. त्यांनीही जन्मभर ट्रकच चालवला. त्यांना गच्चीवर चालायला, पळायला लावून मोबाइलवर शूट केलं. याला आम्ही रेफरन्स म्हणतो. तो बघून एकेक चित्र, म्हणजे फ्रेम, हाताने काढायची. अण्णांनी तर हौसेनं मरूनही दाखवलं.

कारण डेथ अ‍ॅनिमेशन लागतंच. खेळणारा चुकला की कॅरेक्टर मरतं, परत उभं राहतं. आमच्या धंद्यात त्याचं कुणाला काही वाटत नाही. तपासायला मी ते लूपवर लावलेलं. अण्णा मरत होते, उठत होते, परत मरत होते.

"जित्या माणसाला कामून मारती?" माय हळू बोलली. ती ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"अगं, गेम आहे."

ती चुलीपुढं जाऊन बसली. जेवली नाही. मी हादरलेच. स्टुडिओच्या सरांना फोन लावला.

"सर, डेथ बदलायचीय."

"उद्या क्लायंटला द्यायचंय. प्रॉब्लेम काय?"

"माझी आई."

"आई क्लायंट आहे का?"

"घरात आहे, सर."

"मग खेळणारा हरला हे कळणार कसं?"

ते मलाही ठाऊक नव्हतं. मायलाच विचारलं, अण्णा हरले की काय करतात?

"गाडी बंद पडली की चाकापाशी उकिडवं बसतात. रुमालानं तोंड पुसतात. मंग उठतात."

मी तेच काढलं. सर म्हणाले, "चालेल, पाठव."

नवा लूप मायला दाखवला. अण्णा बसत होते, तोंड पुसत होते, उठत होते. ती कितीतरी वेळ बघत राहिली.

"हे गाडीवर गेले की तुझ्या त्या पहिल्या चित्रावानी पडलेले मी रोज डोळ्यांपुढं बघायची, पोरी. त्यात हे कधी उठलेच न्हाईत."

इतकी वर्षं या घरात राहून मला याचा पत्ताच नव्हता.

आता घरच्या माणसाचं कॅरेक्टर करायचं असेल, तर मी आधी घरात विचारते.