बारा सेकंदांचं लोडिंग

“विचारत तर काही नाही, मग एवढं लिहून काहून राहिली ही?”

वानखेडे सरांना वाटलं असावं की ते हळू बोलले. पण कंप्रेसर चालू असला की त्यांचा आवाज आपोआप चढतो, आणि कंप्रेसर नेमका त्याच वेळी थांबला. मशीनवरचे ऑपरेटर पटेलजी हसले.

“दीदी तो मशीन को भी आप कहती होंगी, साहब.”

मी स्टॉपवॉचकडे बघत राहिले. मी मशीनच्या मागच्या कोपऱ्यात उभी होते. तिथून मशीनचं दार सरकलेलं दिसतं आणि बंद झालेलं दिसतं. मधला वेळ मी लिहून घेत होते. दहा वेळा मोजला, सरासरी काढली. शीटवर लिहिलं: लोडिंग, बारा सेकंद.

आमचं शॉप, म्हणजे वानखेडे सरांचं वर्कशॉप, जबलपूरला रिछाईच्या औद्योगिक वसाहतीत आहे. आम्ही ट्रॅक्टरच्या जोडणीत लागणारे बुश बनवतो. बुश म्हणजे जाड भिंतीची छोटी स्टीलची नळी. पोलादी दांड्याचा कापलेला तुकडा सीएनसी लेथमध्ये धरायचा (हेच लोडिंग), तो गरगर फिरतो, आणि प्रोग्रामप्रमाणे टूल त्याला आतून-बाहेरून कापतं. तुकडा धरणाऱ्या तीन बोटांच्या पंजाला चक म्हणतात. कापताना निघणारा धातूचा कीस म्हणजे चिप. या गोष्टीपुरतं एवढं पुरे.

बुश घेणाऱ्या कंपनीने मागणी वाढवली होती, पण एका अटीवर. नव्या मशीनवरचा पहिला लॉट त्यांच्या तपासणीत पास झाला तर वाढीव काम आमचं, नाहीतर दुसऱ्या शॉपचं. शेडमध्ये जागा नव्हती. कंप्रेसर आणि भिंत यांच्यामध्ये एक पट्टा रिकामा होता, तेवढाच. म्हणून सरांना कॉम्पॅक्ट लेथ हवं होतं, आणि ते ऑटोमेशन-रेडी हवं होतं. म्हणजे आज ना उद्या त्याच्यासमोर रोबोट उभा करायचा, त्याने तुकडा ठेवायचा, बुश काढायचा, आणि माणसाने फक्त ट्रे भरायचा.

निवडीचं काम माझ्याकडे आलं. मी तिथे दोन वर्षांपासून प्रोसेस इंजिनीअर आहे. वानखेडे सर माझ्याशी मराठी बोलतात, कारण त्यांचंही घर आमच्यासारखंच विदर्भातून इकडे आलेलं. मला मराठी चांगली समजते, लिहिताही येते. बोलताना मात्र वाक्य आधी इंग्रजीत तयार होतं. ते मराठीत किंवा हिंदीत आणेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. म्हणून मी मेल करते. सर म्हणतात, “बाजूच्या टेबलावरून मेल काहून करतेस बेटा? पोस्टाचा खर्च वाचला म्हणून?”

दोन मशीन यादीत उरली. पहिलं अरुंद होतं, त्या पट्ट्यात काही न हलवता बसत होतं. दुसरं दीड फूट जास्त रुंद. ते घ्यायचं तर कंप्रेसर शेडच्या बाहेर काढावा लागला असता. पहिल्याच्या कोटेशनवर मोठ्या अक्षरात ऑटोमेशन-रेडी लिहिलं होतं. नीट वाचल्यावर कळलं की त्याचा अर्थ दार आपोआप उघडतं आणि रोबोटची वायर जोडायला जागा आहे. बाकीचं सगळं ‘ऑप्शनल’ या मथळ्याखाली होतं.

पहिलं मशीन बघायला आम्ही नागपूरला डीलरकडे गेलो. डीलरच्या सक्सेनांनी रोबोट चालू केला आणि आमच्यासाठी चहा मागवला. मशीन तासभर दार आपोआप उघडत-लावत चाललं. कोणी हात लावला नाही. सर खूश झाले.

“पाहिलंस? माणूस नाही, काही नाही. चलो, हेच घेऊ.”

मी चिपचा ट्रे बघत होते. त्यातला कीस रव्यासारखा बारीक होता. काही स्टील असं असतं, सहज तुटून पडतं. डेमोसाठी सगळे तेच वापरतात, त्यात फसवणूक काही नाही. आमचं स्टील मऊ आणि चिवट आहे. त्याची चिप तुटत नाही, लांबच लांब स्प्रिंग होऊन निघते. हे मला गाडीत बसताना सांगायचं होतं. सिवनीला चहासाठी थांबलो तेव्हाही सांगायचं होतं. जबलपूर आलं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा स्टॉपवॉच घेतलं आणि या वेळी मशीनच्या समोर, काचेच्या बाजूला उभी राहिले. आधी तिथे उभी राहिले नव्हते, कारण तिथे उभं राहिलं की ऑपरेटर आपल्याकडे बघतो आणि काहीतरी बोलावं लागतं.

पटेलजी रोज शहपुऱ्याहून येतात. या मशीनवर त्यांची अकरा वर्षं झाली आहेत. दार उघडलं की ते पहिल्यांदा एक हुक आत घालतात, टूलला गुंडाळलेली चिप एका झटक्यात ओढून काढतात. हुक त्यांनी स्वतः सायकलच्या स्पोकचा बनवलेला आहे. मग अंगठ्याने चकच्या तिन्ही बोटांवरून पुसून घेतात. मग तुकडा आत दाबतात, आणि पायाने पॅडल मारण्याआधी तो हातानेच किंचित फिरवतात. कधी कधी फिरवून थांबतात, तुकडा बाहेर काढतात, पुन्हा पुसतात, पुन्हा बसवतात.

“अभी क्यों निकाला?” मी विचारलं.

“बैठा नहीं था.”

“कैसे पता चला?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी भाजीत मीठ आहे हे कसं कळतं असं विचारलं होतं. “हाथ को पता चल जाता है, दीदी.” मग थोड्या वेळाने, माझ्या वहीकडे बघत, “ये सब लिख लेंगी तो फिर हमारा क्या काम?”

मी वहीत आणखी एक काडी मारली. त्या शिफ्टमध्ये त्यांनी नऊ वेळा तुकडा काढून पुन्हा बसवला. खाली एखादी चिप अडकली असली तर तुकडा केसभर तिरपा बसतो, आणि बुशचा फेस, म्हणजे सपाट तोंड, तिरपं कापलं जातं. असे नऊ बुश रोज वाचत होते आणि कुठल्याही कागदावर त्याची नोंद नव्हती. माझ्या शीटवर या सगळ्याचं नाव होतं लोडिंग. आणि तीच शीट डीलरकडे गेलेली होती. रोबोटचं सगळं गणित तिच्यावर होतं.

मी सक्सेनांना मेल लिहिली: ऑर्डरच्या आधी आमच्या मटेरियलवर ट्रायल घ्यावी, शंभर तुकडे ट्रान्सपोर्टने पाठवत आहोत. सरांना कॉपी ठेवली. शीट चुकली आहे हे त्यात लिहिलं नाही. सरांनी वर न बघता अंगठा उंचावला. “ठीक आहे, ट्रायल तर झालीच पाहिजे.”

तीन आठवड्यांनी आम्ही पुन्हा नागपूरला गेलो. या वेळी सरांनी पटेलजींनाही घेतलं. नवं मशीन त्यांच्या हाती द्यायचं की नाही हे सरांनी अजून ठरवलेलं नव्हतं, आणि पटेलजींना ते माहीत होतं. गाडीत ते खिडकीतून बाहेर बघत होते.

अकराव्या तुकड्याला डीलरच्या ऑपरेटरने सवयीने दार उघडून चिप ओढली.

“अरे, दार काहून उघडलं?” सरांनी विचारलं.

“थोड़ी चिप थी सर, नॉर्मल है,” सक्सेना म्हणाले.

“नॉर्मल आहे तर मग रोबोट काढेल ना.”

पुढे कोणी दार उघडलं नाही. एकोणिसाव्याला टूलभोवती चिपचं घरटं झालं. चौतिसावा बुश मापाच्या डायलवर ठेवला तर काटा फिरतच राहिला. फेस तिरपा. त्यानंतरचे दोनही तसेच. सक्सेनांनी मशीन थांबवलं, फाईल उघडली आणि माझी शीट टेबलावर ठेवली.

“सर, हमने तो आपकी ही शीट पर बनाया है. लोडिंग बारा सेकंड. रोबोट आठ में कर रहा है. आपका ऑपरेटर वहाँ कुछ और करता हो तो हमें बताया नहीं गया.”

सर पटेलजींकडे वळले. त्यांचा आवाज चढला नव्हता, ते जास्त वाईट होतं. “पटेलजी, इतने साल से आप ये सब करते हैं और एक बार भी बताया नहीं? मशीन आने ही नहीं देना था क्या?”

पटेलजी हात पाठीमागे घेऊन उभे राहिले.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. आम्ही दुसरं, रुंद मशीन घेतलं, कारण चिप काढायच्या सोयी त्याच्यातच बसत होत्या. कंप्रेसर बाहेर पत्र्याखाली गेला. चिप तोडणारं टूल आणि जोराच्या दाबाचं कूलंट, म्हणजे कापताना मारायचा थंड द्रव, घेतलं, दर वेळी हवेच्या फवाऱ्याने चक साफ होईल अशी सोय घेतली. चकमध्ये बारीक भोकं आहेत, त्यांतून हवा येते. तुकडा नीट टेकला नाही तर हवा निसटते आणि मशीन सुरूच होत नाही. हाथ को पता चल जाता है, त्याचं हे यंत्रातलं रूप. किती निसटली तर थांबायचं, हा आकडा पटेलजींनी दोन दिवस बसून ठरवला. मशीन त्यांच्याकडेच आहे. पहिला लॉट पास झाला. ऑटोमेशन-रेडी हा शब्द मशीनसाठी असतो. काम रेडी आहे का, ते कोटेशनमध्ये येत नाही, ते आपल्यालाच बघावं लागतं, आणि तेही योग्य बाजूला उभं राहून.

पण हे सगळं नंतरचं. त्या टेबलाशी तिघं जण पटेलजींकडे बघत होते आणि शीट माझ्या समोर पडली होती. खालच्या कोपऱ्यात माझी सही होती. वाक्य नेहमीप्रमाणे इंग्रजीतच सुरू झालं. या वेळी मी ते पूर्ण व्हायची वाट पाहिली नाही.

“सर, यांना कोणी विचारलंच नव्हतं. ते बारा सेकंद मी मोजले, मशीनच्या मागे उभं राहून. यांचा हात मला तिथून दिसत नव्हता. शीट चूक आहे, आणि हे मला तीन आठवड्यांपासून माहीत आहे.”